चिंचिलांची जोडी दोन दिवसांत जमत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत चिंचिला हा दाट, मऊ केसांचा, कुरतडणारा छोटा प्राणी पाळण्याविषयीचा लेख वाचला. एकटा चिंचिला ठेवू नये, हे त्यातलं म्हणणं योग्यच आहे. चिलीत अँडीजच्या खडकाळ उतारांवर हे प्राणी वसाहती करून राहतात. पण दुसरा आणून सरळ पहिल्याच्या पिंजऱ्यात सोडायचा, दोनेक दिवसांत ते आपसूक रुळतात, असं जे पुढे लिहिलंय ते वाचून गप्प बसवेना.

मी नाशिकला जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्तीनंतर मुलीकडे कॅनडात कॅलगरीला आले. इथल्या एका आश्रय संस्थेकडे आलेले चिंचिला कायमचं घर मिळेपर्यंत आमच्या तळघरात राहतात. बरेचसे ‘दुसऱ्याशी पटलं नाही’ म्हणून आलेले असतात. कुणाचा कान फाटलेला, कुणाच्या पायाचं बोट तुटलेलं. पकडलं गेलं की केसांचा पुंजका सोडून निसटायची सोय निसर्गानं त्यांना दिली आहे, पण डोंगरात निसटल्यावर पळायला जागा असते. पिंजऱ्यात मागे जाळी आणि पुढे दुसऱ्याचे दात. हरणारा जिवानिशी जाऊ शकतो.

सगळ्यात आधी नर-मादी नीट ओळखून घ्या. मादीलाही मूत्रमार्गाचा शंकूसारखा उंचवटा असतो, त्यामुळे दुकानदारच काय, अनुभवी माणसंही फसतात. उंचवटा आणि गुदद्वार यांमधलं अंतर पाहावं लागतं. नरात ते स्पष्ट दिसतं, मादीत जवळजवळ नसतंच. आमच्याकडे ‘दोघे भाऊ’ म्हणून आलेल्या जोडीतल्या एका भावाला पिल्लं झाली! डोळे उघडे, अंगावर पुरते केस, जन्मल्यावर थोड्याच वेळात हिंडायला तयार. १११ दिवसांच्या गर्भारपणानंतर मादी लगेचच पुन्हा माजावर येते, म्हणून दुसऱ्या ‘भावा’ला त्याच दिवशी वेगळं काढावं लागलं. नर पिल्लंही आठ आठवड्यांच्या सुमाराला आईपासून दूर करावी लागतात. बहुधा मादीच मोठी आणि दांडगी असते. नको असलेल्या नराच्या तोंडावर ती मागच्या पायांवर उभी राहून मुताची पिचकारी मारते, आणि तिचा नेम चांगला असतो.

नवा प्राणी पहिला महिनाभर वेगळ्या खोलीत ठेवावा. गजकर्ण, पोटातले जंत हे सगळं वरून दिसत नाही. त्यानंतर दोन पिंजरे शेजारी, पण मध्ये चांगली वीतभर फट ठेवून. नाहीतर जाळीतून बाहेर आलेली बोटं चावली जातात. चिंचिला पाण्यानं नाही, बारीक धुळीत लोळून अंघोळ करतात. ते धुळीचं भांडं आलटून पालटून द्यायचं. मग पिंजऱ्यांचीच अदलाबदल, म्हणजे एकमेकांच्या वासात झोपायची सवय होते. सध्या आमच्याकडे भीमा आणि नीरा अशा दोन माद्या आहेत. भीमानं कित्येक दिवस नीराच्या वासाची फळी तेवढी कुरतडून ठेवली. तिला घाई करण्यात अर्थ नव्हता.

पहिली समोरासमोर भेट दोघींच्याही मालकीची नसलेल्या जागेत. आम्ही न्हाणीघर वापरतो, कमोडचं झाकण बंद करून. दहा मिनिटं, आणि माणूस तिथेच बसलेला. थोडा पाठलाग, एकमेकींवर चढणं, कुरकुर, हे चालतं. त्यातून कोण वरचढ ते ठरतं. दात कटकटायला लागले, केस उडाले, किंवा एकीला कोपऱ्यात कोंडून दुसरी हलायलाच तयार नसली, की भेट संपली. मध्ये हात घालू नका; केर भरायची सुपली आडवी धरा. इथे काहीजण दोघांना एका छोट्या पेटीत घालून गाडीतून फिरवून आणतात. घाबरून ते एकमेकांना चिकटतात आणि माणसं म्हणतात, जमलं. मला ही पद्धत अजिबात पटत नाही.

एकमेकींचे केस विंचरू लागल्या, लगटून झोपल्या, की मग एक पिंजरा. तोही धुऊन, आतल्या फळ्यांच्या जागा बदलून, म्हणजे तो कुणा एकीचा राहत नाही. गवताच्या जागा दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, लपायची घरकुलं दोन आणि प्रत्येकाला दोन दारं. एका दाराचं घरकुल हा सापळाच. फळ्या पायऱ्यांसारख्या, म्हणजे पळताना घसरली तरी तळापर्यंत आपटत नाही. जुना पिंजरा मात्र मोडीत काढू नका. महिनोन्‌महिने गुण्यागोविंदानं राहिलेली जोडीही एखाद्या रात्री बिनसते. काही जोड्या तर कधीच जमत नाहीत. त्यांनी जन्मभर शेजारी म्हणून राहावं. आणि हा जन्म दहा ते वीस वर्षांचा असतो.

लेखासोबतच्या छायाचित्रात चिंचिलाशेजारी ससा बसलाय. ठणठणीत दिसणाऱ्या सशाकडूनही श्वसनाचा जिवाणू चिंचिलाला लागू शकतो, तेव्हा ही सोबत नको.

उन्हाळ्याचा लेखात उल्लेखही नाही, आणि महाराष्ट्रात खरा प्रश्न तिथेच आहे. केसांच्या एकेका छिद्रातून पन्नासहून जास्त केस उगवणारा हा प्राणी २५ अंशांच्या वर धापा टाकू लागतो. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत तर त्याहूनही आधी. नाशिकच्या एप्रिलमध्ये पंख्यानं भागणार नाही, कारण त्याला घामच येत नाही. एसी दिवसरात्र हवा, आणि वीज गेली तर काय याचं उत्तर तयार हवं. जोडी न जमल्यास दोन्ही पिंजरे त्याच एसीच्या खोलीत मावले पाहिजेत. दुसरा चिंचिला विकत घेण्याआधी टेप घेऊन ती खोली मोजावी.

पुढच्या पुरवणीत, ससे-गिनीपिग तपासणाऱ्या एखाद्या पशुवैद्याला विचारून, निदान एकाच पिंजऱ्यात सोडण्याच्या सल्ल्यापुरती दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
कॅलगरी (मूळ गाव नाशिक)