पसरणारी फुलझाडे आणि कुंपणापलीकडचा उतार

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत 'बीच रोझ' म्हणजे समुद्रकाठचा गुलाब आणि घरच्या बागेत भराभर पसरणारी इतर फुलझाडे यांवरचा लेख वाचला. एकदा लावले की पुन्हा बघावे लागत नाही, हा त्या झाडांचा मोठा गुण म्हणून सांगितला होता. ठाण्यासारख्या शहरात बागेला ना जागा ना वेळ, त्यामुळे लेख वाचून पुष्कळांना हुरूप आला असेल. मला मात्र आमच्या मागच्या भिंतीपाशी गेलेली सहा वर्षे आठवली.

येऊरच्या जंगलाच्या डोंगरपायथ्याशी आमची जुनी सोसायटी आहे. आम्ही तळमजल्यावर राहतो आणि खिडकीबाहेर दहा फूट रुंदीचा मातीचा पट्टा आहे. सहा वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने वेडेलिया या जमिनीवर पसरणाऱ्या वेलीच्या चार काड्या आणून दिल्या. हिरवीगार चकचकीत पाने, वर पिवळी डेझीसारखी फुले. पहिल्या पावसाळ्यात सगळी उघडी माती झाकली गेली, तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकाने दाखवत होते. दुसऱ्या पावसाळ्यात पुदिना गेला, मग अळू खुरटले. तिसऱ्या वर्षी भिंतीला पाणी जाण्यासाठी ठेवलेल्या भोकातून वेल पलीकडे उतरली. त्यातच बाग छाटायला आलेल्या माळ्याने घमेलीच्या घमेली छाट भिंतीपलीकडे टाकली. वेडेलियाचे पेर ओल्या मातीला टेकले की तिथे मूळ धरते. टाकलेल्या प्रत्येक तुकड्याचे रोप झाले.

पलीकडे नाल्याचा उतार आहे. गणपतीच्या पत्रीतला आघाडा आणि गौरीसाठीचा तेरडा आम्ही वर्षानुवर्षे त्याच उतारावरून आणायचो. गेल्या भाद्रपदात दोन्ही बाजारातून विकत आणावे लागले, कारण उतारावर आता वेडेलियाशिवाय दुसरे काही उगवत नाही. याला सुरुवात माझ्या हातून झाली, म्हणूनच हे मनापासून लिहिते आहे.

समुद्रगुलाबाची गोष्टही अशीच आहे, आणि ती लेखात यायला हवी होती. हा गुलाब मूळचा जपान, कोरिया, ईशान्य चीन आणि रशियाच्या अतिपूर्वेकडच्या किनाऱ्यांचा. तिथल्या वाळूत तो आपल्या जागी आहे. युरोप आणि अमेरिकेत तो शोभेसाठी नेला, वाळू धरून ठेवतो म्हणून किनाऱ्यांवरही लावला. जमिनीखालून धुमारे फुटत तो पसरतो, त्याची लाल फळे पक्षी खातात आणि ती समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूर जाऊन लागतात. त्याच्या दाट काटेरी जाळीखाली वाळूतली मूळची लहान झाडे उन्हाला मुकतात. फिनलंडने तर जून २०२२ पासून तो बागेत वाढवण्यावरही बंदी घातली. थंड हवेचे हे झुडूप आपल्या दमट उकाड्यात टिकणे कठीण आहे, तेव्हा ठाण्याला त्याची धास्ती नाही. पण आपल्याकडे तेच काम करणारी झाडे कितीतरी आहेत आणि ती नर्सरीत सहज मिळतात.

घाणेरी आज येऊरच्या वाटांवर दोन्ही बाजूंना दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेचे झाड म्हणून आली. तिची काळी फळे खाऊन बुलबुल तिचे बी जंगलभर नेतात. गुरांना तिचा पाला विषारी, त्यामुळे तिला तोंड लावणारेही फारसे कोणी नाही. त्याच शतकाच्या अखेरीला जांभळ्या फुलांच्या मोहापायी जलपर्णी बंगालमध्ये आली, आणि आज तळ्यांचे शहर म्हणवणाऱ्या आपल्याला तिची वेगळी ओळख करून द्यायला नको. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातल्या १०० उपद्रवी परक्या जातींच्या यादीत घाणेरी आणि जलपर्णी आहेत, तशी माझी वेडेलियाही आहे. काड्या घेताना हे कळले असते तर!

शहराच्या एका अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग असलेले येऊर, दुसऱ्या अंगाला खाडी. खाडीच्या एका भागाला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. येऊरचे पाणी नाल्यांनी शहरातून खाडीकडे उतरते. तेव्हा इथे भिंतीपलीकडे टाकलेली फांदी कुठे जाऊन रुजेल, सांगता येत नाही.

पसरणारे फूल लावूच नये, असे माझे म्हणणे नाही. तेरडाही पसरतो. पिकलेल्या बोंडाला बोट लागले की ते फुटते आणि पुढच्या पावसात न पेरता रोपे येतात. पण तो इथल्याच पावसाळ्याचा आहे, दिवाळीपर्यंत वाळून जातो आणि शेजारच्या झाडांना जागा मोकळी करून देतो. ज्यांना समुद्रकाठच्या फुलांचे आकर्षण आहे त्यांनी कोकणच्या कुठल्याही किनाऱ्यावर मर्यादवेल पाहावी. समुद्रगुलाबासारखीच जांभळी फुले, तेच वाळू धरून ठेवणे, आणि तेही आपल्या स्वतःच्या किनाऱ्यावर. अबोली, कोरांटी, मोगरा, कुंद यांना थोडी निगा लागते, पण ती अशी भराभर पसरत नाहीत. मधुमालतीला मुळांतून धुमारे फुटतात, ते दिसतील तसे उपटत राहायची तयारी असेल तरच ती लावावी.

ज्यांच्याकडे वेडेलिया आधीच आहे त्यांनी ती नुसती कापू नये. पावसाआधी माती मोकळी असताना खुरप्याने मुळासकट काढावी. काढलेला पाला ओला असताना खतात टाकू नये, भिंतीपलीकडे तर मुळीच नाही. गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात चुरचुरेपर्यंत वाळवावा. कुंडीतच ठेवायची असेल तर खाली कडप्प्याचा तुकडा ठेवावा, नाहीतर कुंडीच्या भोकातून मुळे जमिनीत उतरतात.

आपल्या पुरवणीकडे एकच विनंती आहे. फुलझाडाची माहिती देताना ऊन किती, पाणी किती हे जसे छापता, तसे ते कशाने पसरते आणि छाटणीचे काय करायचे याची दोन ओळींची चौकट प्रत्येक वेळी द्यावी. नर्सरीत या गोष्टी कोणी सांगत नाही, आणि बागेची हौस असलेली माणसे आपली पुरवणी कात्रणे काढून जपून ठेवतात.

गेले तीन रविवार आम्ही सोसायटीतल्या पाच बायका त्या उतारावर खुरपी घेऊन बसतो. भिंतीलगतचा चार-पाच हात पट्टा मोकळा झाला आहे. बाजारातून आणलेल्या तेरड्याचे बी मी गौरी उठल्यावर डबीत भरून ठेवले होते. पहिला पाऊस पडला की ते तिथे टाकणार आहे.

आपली,
एक वाचक, ठाणे (प.)