‘विचित्र’ खटल्यांची बातमी पुरी छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘जगावेगळे खटले’ म्हणून ज्या बातम्या चौकटीत येतात, त्या वाचून लोक हसतात आणि पान उलटतात. अशा बातम्या जरूर छापाव्यात, पण पुऱ्या छापाव्यात, एवढीच कळकळीची विनंती आहे.

अमेरिकेतला गरम कॉफीचा खटला घ्या. ‘कॉफी सांडली आणि बाई लखपती झाली’, एवढेच सगळ्यांना ठाऊक. १९९२ साली मॅकडोनाल्ड्सची कॉफी मांडीवर सांडली, तेव्हा त्या आजी ७९ वर्षांच्या होत्या. गाडी उभीच होती. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसवर ठेवायचा कंपनीचा शिरस्ता. अंगावरच्या कपड्यांनी ती शोषली, कातडी खोलवर भाजली, त्वचारोपण करावे लागले. आजींनी आधी २० हजार डॉलर मागितले होते. कंपनीने ८०० देऊ केले. मग प्रकरण कोर्टात गेले आणि उघड झाले, की आधीच्या दहा वर्षांत भाजल्याच्या ७०० हून अधिक तक्रारी कंपनीकडे पडून होत्या. ज्युरीने २० टक्के चूक आजींचीही धरली. दंडाच्या २७ लाख डॉलरचा मथळा जगभर गाजला; न्यायाधीशांनी तो दंड ४ लाख ८० हजारांवर आणला, हे किती जणांपर्यंत पोचले?

कामगारांच्या दाव्यांचेही तेच. पाळी संपते, हजेरी लागते, आणि मग झडतीची रांग. पिशवी उघडा, खिसे दाखवा. तपासणी झाल्याखेरीज दाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. या वेळेचा पगार कोणी द्यायचा? गोदाम कामगारांच्या दाव्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली एकमताने सांगितले, की केंद्रीय कायद्याखाली तो देणे लागत नाही. २०२० साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्या कायद्याखाली ॲपलच्या दुकानांतील कर्मचाऱ्यांच्या बाजूने कौल दिला. पिशवी आणण्याची सक्ती नव्हती, ही कंपनीची सबब टिकली नाही. मला हाच निकाल पटतो. मालकाच्या परवानगीशिवाय जागचे हलता येत नसेल, तर तो वेळ कामाचाच.

दावा दाखल झाल्याची चौकट छापता, तशी निकालाची, अपिलाची आणि तडजोडीचीही छापावी. कोणत्या पावतीमुळे, कोणत्या हजेरीच्या नोंदीमुळे दावा टिकला, तेही द्यावे. तसाच प्रसंग ओढवलेल्या वाचकाला त्याचा थेट उपयोग होईल.

आपला,
एक नियमित वाचक