बाबा, वहीची पानं कोरी ठेवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी रात्री पुण्याला नीट पोचले. जे बोलायला आले होते ते मात्र तसंच राहून गेलं. फोनवर बाबा "बरं आहे" एवढं म्हणतात आणि फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहितेय. आई, तू वाचून दाखव.

बाबा, शनिवारी डायलिसिसहून येऊन तुम्ही झोपला होतात, तेव्हा मी टीव्हीखालची निळी वही उघडली. 'वजन आधी ५८.६, नंतर ५६.५. पाणी २.१. बीपी १५०/९०. सुई दुसऱ्या खेपेला लागली.' पट्टीनं आखलेले रकाने, एकही खाडाखोड नाही. एसटीत शेवटची चौदा वर्षं नियंत्रकाच्या खिडकीत बसून तुम्ही गाड्यांची आवक-जावक लिहायचात, अगदी तेच अक्षर. आणि गणपतीनंतर पानं कोरी. आई म्हणाली, "कंटाळले असतील." मला तो कंटाळा वाटत नाही.

पेपर न उघडता पडून असतो. संध्याकाळी पारावर जाणं बंद झालंय. नातू फोनवर आला तरी तुम्ही दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. आणि निघताना म्हणालात, "तुम्हा सगळ्यांना अडकवून ठेवलंय मी." ते वाक्य गाडीत स्वारगेटपर्यंत माझ्या कानात होतं.

थकवा, झोप न लागणं, तोंडाला चव नसणं हे किडनीच्या आजारातही होतं, हिमोग्लोबिन उतरलं तरी होतं. त्यामुळे डिप्रेशन त्याच्याआड लपून राहतं आणि सगळे म्हणतात, डायलिसिस आहे, चालायचंच. पण कशातच मन न लागणं, आपण ओझं आहोत असं वाटणं, हे वेगळं आहे. डायलिसिसवरच्या साधारण चार-पाच जणांत एकाला हे होतं. म्हणजे तुमच्या शिफ्टला दहा बेड असतील, तर तुमच्याशिवाय आणखी कुणीतरी गप्प छताकडे बघत पडलेलं असणार. यात मनाचा कमकुवतपणा कुठेही नाही. "मन खंबीर ठेवा" असं मीही तुम्हाला दोनदा म्हणाले. ते माझं चुकलं.

यावर उपाय आहेत आणि ते डायलिसिसच्या पेशंटवर तपासलेले आहेत. विचार आणि दिनक्रम यांवर काम करणारी एक उपचारपद्धत आहे, तिला सीबीटी म्हणतात. ब्राझीलमध्ये ८५ पेशंटवर तिचा अभ्यास झाला. काहींना तीन महिने, आठवड्यातून एकदा, गटात बसवून ती शिकवली, आणि त्यांची उदासी इतरांपेक्षा जास्त कमी झाली. हे २००९ साली छापून आलं. अमेरिकेत २०१९ साली १२० पेशंटचा अभ्यास आला. त्यात निम्म्यांना ही पद्धत दिली, निम्म्यांना उदासीवरची गोळी. दोन्हीकडे फरक पडला. गोळीचा थोडा जास्त, पण गोळीचे त्रासही जास्त. तिथं शिकवायला माणूस होता हे खरं. पण त्यातलं रोजचं काम पेशंट स्वतःच करतो, वहीत. आणि वही लिहिण्यात तुमचा हात कोण धरणार?

म्हणून माझं मागणं आहे की त्याच वहीत दोन रकाने वाढवा. एकात आज काय केलं ते, दुसऱ्यात त्यानंतर मन कसं होतं, शून्य ते दहा. मन लागलं की करेन असं म्हणू नका. आधी करायचं, मन मागून येतं. डायलिसिसच्या दिवशी काहीच ठरवू नका, त्या दिवशी अंगात त्राण नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकच गोष्ट: जास्वंदीला तांब्यानं पाणी (बादली नको, डायलिसिससाठी जोडलेल्या शिरेचा, फिस्टुलाचा हात आहे), किंवा डेपोतल्या एका जुन्या सोबत्याला फोन. नंतर दोन आकडा आला तरी दोनच लिहा. माझं मन राखायला सात लिहू नका.

दुसरं काम मशीनवर करायचं. चार तासांतला पहिला तास तुम्हाला बरा जातो, शेवटी बीपी उतरतो. डावा हात सुयांना, उजवा मोकळा. मनात आलेलं वाक्य लिहा: 'मी सगळ्यांना अडकवलंय.' खाली लिहा, हे कशावरून? आणि मग, याच्या उलट काय आहे? गाडी तासभर उशिरा आली तर तुम्ही 'उशीर, टायर पंक्चर' लिहायचात. 'एसटी बंद पडली' असं कधी लिहिलंत का? स्वतःच्या बाबतीत मात्र तेच लिहिताय.

एका बाबतीत मी ऐकणार नाही. "एक दिवस नाही गेलो तर काय बिघडतं?" असं तुम्ही आईला विचारलंत. बिघडतं, बाबा. पाणी छातीत साठतं, पोटॅशियम वाढून हृदय बंद पडू शकतं. पण त्याहून मला भीती आहे ती त्या प्रश्नामागच्या विचाराची. सगळं संपवावं असं वाटलं तर ते वहीत ठेवायचं नाही, त्याच क्षणी आईला सांगायचं, मला रात्री तीनला उठवायचं. १४४१६ ही सरकारची टेली-मानस लाइन आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि येत्या बुधवारी किडनीच्या डॉक्टरांना हे सगळं सांगायचंच. मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे जायचं की गोळी घ्यायची, ते ठरवतील. कुणी आणून दिलेलं मनःशांतीचं चूर्ण मात्र घेऊ नका, किडनीला काय चालतं ते त्या डबीवर लिहिलेलं नसतं.

आई, त्यांच्या पाण्याची बाटली सकाळी त्यांनाच भरू दे, मोजून. लसूणही त्यांनाच सोलायला दे. आणि तू गुरुवारचं भजन सोडलंयस, ते पुन्हा धर. शेजारच्या काकू तासभर बसतो म्हणाल्यात, मी विचारून आलेय.

निघायच्या आधी तुम्ही माझी बोटं फिस्टुलावर ठेवलीत, आठवतं? आत घरघर चालली होती, उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवल्यासारखी. "चालू आहे," म्हणालात. त्या अडकवल्याच्या वाक्याशिवाय त्या दिवशी तेवढंच तुम्ही आपणहून बोललात.

बुधवारी सात वाजता फोन करते. वजन विचारेन, आणि नव्या रकान्यातला एक आकडा. कितीही असो.

तुमची,
मनू