ती बत्तीशी

सुऱ्या,

खूप दिवसांत पत्र नाही, शिव्या नंतर घाल. तब्येत ठीक, गुडघा सोडला तर. आधी हे ऐक, दुसऱ्या कुणाला सांगून कळायचं नाही.

मंदाला आवराआवरीत बंड्याचा जुना फोन सापडला. चार्जिंगला लावला तर चक्क चालू झाला आणि आत त्याने मला केलेला तो मेसेज तसाच. हो, तोच, २०१५ चा, माझी नोकरी गेली तेव्हाचा. नुसता एक इमोजीचा चेहरा, सोबत एक अक्षर नाही. माझ्या फोनवर तो डोळे बारीक करून बत्तीशी काढून हसत होता, तुला दाखवला होता की. मंदाने त्याच्या स्क्रीनचा फोटो पाठवलाय, तर तिथे त्याच चेहऱ्याचे दात घट्ट आवळलेले! म्हणजे "अरे देवा, हे काय झालं" असा.

मग रात्री वाचत बसलो. युनिकोडवाले, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरसाठी अक्षरांचे नंबर ठरवणारी संस्था, प्रत्येक इमोजीला फक्त नंबर आणि नाव देतात, चित्र जी ती कंपनी आपल्या मनाने काढते. पाठवताना जातो तो नुसता नंबर, चेहरा समोरच्याच्या फोनमध्ये बनतो. आणि या नंबरचं अधिकृत नाव काय, तर हसऱ्या डोळ्यांनी दात दाखवणारा! म्हणजे फोन माझाच बरोबर होता, एवढं तरी मान्य कर.

बरं हे एकच नाही. २०१६ मध्ये ॲपलने पिस्तुलाचं पाण्याचं पिस्तूल केलं, गूगल, सॅमसंग वगैरे २०१८ मध्ये त्या वाटेला आले, म्हणजे मधल्या काळात एकाने गंमत म्हणून पाणी उडवावं आणि दुसऱ्याकडे खरं पिस्तूल निघावं. जुन्या फोनला नवीन इमोजी माहीत नसला की नुसता चौकोन. आणि मिनेसोटा विद्यापीठाच्या लोकांनी २०१६ मध्ये तपासलं, तर अगदी एकच चित्र दाखवूनही ते चांगल्या भावनेचं, वाईट की मधलंच यावर २५ टक्के वेळा लोकांचं जमेना. म्हणजे आमचे फोन सेम असते तरी भांडलोच असतो कदाचित.

तू म्हणशील, मी तेव्हाच सांगत होतो बंड्या तसा नाही. सांगत होतास, पण त्याने तुझी स्कूटर आपटली तेव्हाही तू त्याचीच बाजू घेतलीस, तुझं कोण ऐकणार.

आता डोक्यात हेच फिरतंय, त्याच्या बाजूने काय दिसलं असेल? त्याने हळहळ कळवली आणि मी उत्तर नाही, फोन नाही, मंदाच्या लग्नालाही नाही. त्याने काय समजायचं? तरी माझं म्हणणं आहेच, माणसाची नोकरी गेलीय, दोन शब्द टाइप करायला काय झालं होतं रे? बोलायला लागला की थांबत नाही आणि तेव्हाच नेमकी बोटं दुखली!

तुझं प्रमोशन कळलं, अभिनंदन, पार्टी उधार. वहिनींना नमस्कार, पोरीचा रिझल्ट कळव.

आणि बंड्याचा नंबर पाठव. मंदाकडे मागितला तर दोन मिनिटांत त्याला कळेल, आणि मग तो आधी फोन करेल, ते मला नकोय.

तुझा,
अव्या