मॅडम, त्या 9.6 शेजारची सही

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

तुमचा पत्ता मिळाला असता तर हे पत्र टपालानेच आलं असतं. पण तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांचं नाव माहितीपत्रकात नसतं, विभागाच्या दारावरच्या पाटीवर नसतं, आणि वर्ष संपलं की हजेरीपटावरही उरत नाही. म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहोत. आम्ही तुमची बी.एस्सी. केमिस्ट्रीची बॅच.

आभार जर्नलच्या, म्हणजे प्रयोगवहीच्या, एका पानाचे मानायचे आहेत. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन होतं: फ्लास्कमध्ये मोजून घेतलेल्या ॲसिडला रंग टिकेपर्यंत किती मिली परमँगनेट लागतं, ते ब्युरेट या खुणांच्या नळीवर वाचायचं. तक्ता नेहमीचाच: पायलट, म्हणजे अंदाजाचं, रीडिंग 9 ते 10, खाली तीन रीडिंग आणि शेवटी सीबीआर, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच येणारं ब्युरेट रीडिंग. पहिलं रीडिंग 9.6 आलं, पुढची दोन 9.2. आमच्यातल्या एकाने 9.6 वर पांढरी शाई लावून तिथेही 9.2 केलं. तुम्ही पान खिडकीकडे धरलंत, शाईखालचा आकडा वाचलात. ओरडला नाहीत. "पहिल्याच वेळी जास्त का आलं असेल?" एवढंच विचारलंत आणि ब्युरेटच्या तोटीखाली बोट ठेवलंत. तोटीखालच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला की पहिल्या टायट्रेशनमध्ये तो निघून जातो आणि त्याची जागा परमँगनेट घेतं. ब्युरेटमधली पातळी तेवढी खाली येते, पण तेवढं द्रावण फ्लास्कमध्ये पडलेलंच नसतं. म्हणून पहिलं रीडिंग फुगतं आणि पुढची दोन बरोबर येतात.

मग तुम्ही म्हणालात, "पेन घे. 9.6 पुन्हा लिही, त्यावर एकच आडवी रेघ मार, आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी कारण लिही. आता तुझी सही आणि तारीख." त्याने सही केली आणि त्याखाली तुम्ही तुमची केलीत.

मॅडम, तोवर जर्नलमध्ये सही फक्त सरांची असायची. विद्यार्थ्याच्या सहीला काही किंमत असते, त्याने पाहिलेल्या आकड्याचा तोच जबाबदार असतो, हे तुमच्याआधी कुणी आम्हाला मानूच दिलं नव्हतं.

आधीच्या दोन वर्षांत काय चालायचं ते तुम्हाला ठाऊक होतं. "एक्स्टर्नल येणार आहेत, सगळ्यांनी सीबीआर 9.2 लिहा," असं बाहेरच्या परीक्षकांच्या आधी फळ्याजवळून सांगितलं जायचं. वीस जर्नलं, वीस वेळा 9.2, आणि एकाही पानावर खाडाखोड नाही. अशा स्वच्छ जर्नलांना पूर्ण मार्क मिळत. ज्याचं रीडिंग वेगळं येई त्याला विचारलं जाई, "तुझंच कसं चुकतं?" प्रश्न बरोबर होता. फक्त तो उत्तर ऐकण्यासाठी कधी विचारला गेला नाही. ज्यांनी आम्हाला आकडा जुळवायला शिकवलं, त्यांनी आमच्याकडून केमिस्ट्रीच काढून घेतली होती. आजही त्याचा राग येतो.

तुम्ही ती परत दिलीत, तेही चुकांमधूनच. चुकीला दिशा असते, हे तुमचं वाक्य आम्ही अजून वापरतो. ब्युरेट नुसत्या पाण्याने धुऊन परमँगनेट भरलं तर ते पातळ होतं आणि रीडिंग वाढतं. पिपेट, म्हणजे ॲसिड मोजून घ्यायची नळी, ऑक्झॅलिक ॲसिडने खळबळून न घेता ओलीच वापरली तर फ्लास्कमध्ये ॲसिड कमी जातं आणि रीडिंग घटतं. उलट कोनिकल फ्लास्क ऑक्झॅलिकने खळबळला तर ॲसिड जास्त होतं, रीडिंग वाढतं. फ्लास्क फक्त डिस्टिल्ड वॉटरनेच धुवायचा. फनेल ब्युरेटवरच राहिलं आणि त्यातून थेंब गळत राहिले तर रीडिंग कमी दिसतं. पिपेटच्या टोकाशी राहणारा शेवटचा थेंब फुंकायचा नाही, कारण तो टोकात राहणार हे धरूनच पिपेटवर खूण केलेली असते. परमँगनेट इतकं गडद की खालची वक्र कड दिसत नाही, म्हणून वरची कड वाचायची, पण सुरुवातीला आणि शेवटी दोन्ही वेळा वरचीच. द्रावण 60 ते 70 अंशांपर्यंत तापवायचं, कारण थंडीत ही क्रिया रेंगाळते. पहिल्या थेंबाचा रंग जायला वेळ लागला तर घाबरून पुढचे थेंब सोडायचे नाहीत. मँगनीज आयन तयार झाले की तेच क्रियेला वेग देतात. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं की फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा येतो. त्याऐवजी हायड्रोक्लोरिक घालायचं नाही, परमँगनेट त्यातल्या क्लोराइडचाच क्लोरीन करतं आणि वाया जातं.

यातलं बरंचसं पुस्तकात असतं. पण रीडिंग वर गेलं की खाली, एवढ्यावरून चूक कुठे झाली ते शोधायचं, हे आमच्या जर्नलांमध्ये कधी नव्हतं. सगळ्यांचं 9.2 असेल तर शोधायला उरतंच काय?

लॉर्ड रॅलेची गोष्ट तुम्ही त्याच आठवड्यात सांगितली होती. हवेतून वेगळा केलेला नायट्रोजन लिटरला सुमारे 1.257 ग्रॅम भरायचा आणि अमोनियासारख्या संयुगांतून मिळवलेला 1.251 च्या आसपास. फरक जेमतेम अर्ध्या टक्क्याचा. त्याने तो पुसला नाही, पुन्हा पुन्हा मोजला, छापून इतरांना कारण विचारलं. पुढे रसायनशास्त्रज्ञ रॅम्झेच्या साथीने त्या फरकातून 1894 मध्ये आरगॉन सापडला. आमच्याकडे तेव्हाच्या रीतीने कुणीतरी सीबीआर लिहून मोकळं झालं असतं.

आता आम्ही कुठे आहोत ते सांगतो, कारण "केमिस्ट्री करून पुढे काय?" हा प्रश्न तुम्ही कधी हसण्यावारी नेला नाहीत.

बरेच जण औषध कंपन्यांच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, आहेत. तिथे पहिल्याच आठवड्यात जे शिकवतात ते आम्हाला येत होतं. पांढरी शाई आणि पेन्सिल बंद. चूक झाली तर एक रेघ, कारण, सही, तारीख. नोंद कुणी केली ते कळलं पाहिजे, ती वाचता आली पाहिजे, त्याच वेळी लिहिलेली, मूळ आणि अचूक असली पाहिजे. या पाच गोष्टींना तिथे अल्कोआ म्हणतात. एचपीएलसीवर, म्हणजे द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, स्टँडर्डची (प्रमाण माहीत असलेल्या द्रावणाची) पाच-सहा इंजेक्शनं घेतात आणि त्यांच्या पीक एरियाचं आरएसडी, म्हणजे आकड्यांचं सरासरीभोवतीचं विखुरणं, साधारणपणे 2.0 टक्क्यांच्या आत असावं लागतं. एक इंजेक्शन वेगळं आलं म्हणून ते गुपचूप वगळता येत नाही, ऑडिट ट्रेलमध्ये, म्हणजे यंत्राच्या आपोआप होणाऱ्या नोंदीत, ते राहतंच. औषधाच्या प्रमाणाला 98.0 ते 102.0 टक्क्यांची मर्यादा असताना 97.6 आलं, तर पास होईपर्यंत टेस्ट करत राहायचं नसतं. आधी वजनाचा प्रिंटआउट, डायल्यूशन, हिशोब, कॉलम तपासायचा. आणि मॅडम, पंपाचं प्रेशर नाचत असेल तर बऱ्याचदा कारण तेच निघतं: मोबाइल फेज (यंत्रातून वाहणारं द्रावण) नीट डीगॅस केलेला, म्हणजे त्यातली हवा काढलेली, नसतो, पंपात बुडबुडा अडकलेला असतो.

दोघी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत आहेत. पाण्याचा कठीणपणा मोजायची तुमची 0.01 मोलर ईडीटीए तिथे रोज लागते. 1 मिली म्हणजे 1 मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. 50 मिली पाण्याला 15 मिली लागली तर कठीणपणा लिटरला 300 मिलिग्रॅम, म्हणजे भारतीय मानकाच्या 200 च्या स्वीकार्य मर्यादेच्या वर, पण दुसरा स्रोत नसेल तर चालणाऱ्या 600 च्या आत. बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) जुना झाला आणि पीएच 10 च्या खाली घसरला की शेवटी सूचकाच्या वाइन-रेडचा निळा नीट होत नाही, हेही तुमचंच. एक जण माती परीक्षणात आहे. सेंद्रिय कर्बाच्या टायट्रेशनमध्ये 1 ग्रॅम माती आणि 0.5 नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेट घेतलं तर ब्लँकमधला, म्हणजे माती न घालता केलेल्या टायट्रेशनमधला, 1 मिलीचा फरक उत्तरात 0.15 टक्क्याचा होतो. ब्लँक आळसाने कालचाच लिहिला, तर त्या दिवशीच्या प्रत्येक शेतकऱ्याची मातीची पत्रिका चुकते.

चौघांनी पुढे एम.एस्सी. केलं. शाखा निवडताना तुम्ही पगाराआधी स्वभाव विचारला होतात. दिवसभर रिॲक्शनपाशी उभं राहायला आवडत असेल तर ऑरगॅनिक घे, आकड्यामागे लागायला आवडत असेल तर ॲनालिटिकल. जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेची तयारी तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच करायची, आणि फॉर्म भरायच्या आत फिजिकलची गणितं सोडवलेली हवीत. ड्रग इन्स्पेक्टरच्या पदाला बी.एस्सी. केमिस्ट्री चालत नाही, फार्मसीसारखी पदवी लागते, त्या आशेवर बी.एस्सी.ची वर्षं घालवू नका, हेही तुम्ही सांगितलंत. आमच्या आधीच्या किती जणांना हे कुणी वेळेवर सांगितलं नाही!

चांगुलपणा म्हणजे काहीतरी मोठं करणं, असं वाटायचं. तुम्ही तासाच्या हिशोबाने मिळणाऱ्या मानधनावर, तास संपल्यावर थांबून, एका पोराच्या चुकलेल्या आकड्याखाली स्वतःची सही केलीत. ती चूक तुम्ही त्याच्या एकट्याच्या अंगावर टाकली नाहीत. अशी माणसं प्रत्येक कॉलेजात एखाद-दुसरी असतात. लॅबच्या कोपऱ्यात बॅलन्स पुसत असतात, उशिरा आलेल्या मुलीसाठी डिस्टिल्ड वॉटरची बाटली बाजूला काढून ठेवतात. त्यांच्या जिवावरच ही पदवी अजून पदवी आहे.

ते जर्नल ज्याचं आहे त्याने जपून ठेवलंय. पांढरी शाई पिवळी पडलीय, 9.6 स्पष्ट वाचता येतं.

आमच्याकडे दर वर्षी नवे ट्रेनी येतात. त्यांच्या कंपासपेटीत पांढऱ्या शाईची बाटली असतेच. ती ड्रॉवरमध्ये ठेवून घेतो, नोंदवही पुढे करतो आणि म्हणतो, पेन घे.

तुमचीच,
बी.एस्सी. केमिस्ट्रीची बॅच