समुद्राची वेळ मांडव्यालाच कळू द्या

माननीय जिल्हाधिकारी, रायगड यांस,
सविनय नमस्कार.

२०२६ मध्ये १ मे शुक्रवारी आहे आणि त्याच दिवशी बुद्धपौर्णिमा. पुढे शनिवार-रविवार. अलिबाग, नागाव, काशीदला त्या तीन दिवसांत किती गर्दी होईल, हे आपल्याला सांगायला नको. त्या तीन दिवसांत समुद्र काय करणार, हेही आजच सांगता येतं. म्हणून हे पत्र.

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. पौर्णिमेला सव्वाअकरा, रविवारी द्वितीयेला दीड. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण पौर्णिमा-अमावास्येचं उधाण दुपारच्या सुमारास भरतं यात फरक पडत नाही. आता सहलीचं वेळापत्रक शेजारी ठेवून पाहा. गेटवेहून सकाळची बोट, तासाभरात मांडवा, तिथून वीसेक किलोमीटर बसने अलिबाग. दहाच्या सुमारास माणसं वाळूवर. एक वाजता जेवण, अडीचला पुन्हा पाण्यात. ओहोटीच्या सहा तासांत पाणी एकसारखं उतरत नाही. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मिळून जवळजवळ निम्मं उतरतं. शुक्रवारी ती वेळ दुपारी दोन ते चारच्या आसपास येते. जेवून सुस्तावलेली माणसं आणि उधाणाची ओहोटी यांची गाठ तिथे पडते. रेवदंड्यासारख्या खाडीच्या मुखाजवळ ही ओढ आणखी जास्त असते.

आज किनाऱ्यांवर पाट्या आहेत, पण ‘समुद्रात पोहणे धोकादायक आहे’ हे वाक्य बाराही महिने तेच राहतं, म्हणून कोणी वाचत नाही. रोज बदलणारी पाटी वाचली जाते. आमची पहिली विनंती साध्या फळ्याची आहे. मांडवा जेट्टी, अलिबाग एसटी स्थानक आणि वडखळ नाका इथे खडूने तीन ओळी लिहा: पूर्ण भरती किती वाजता, पूर्ण ओहोटी किती वाजता, आणि किती वाजल्यानंतर पाण्यात उतरू नये. वेळा तिथीवरून काढू नयेत, सर्वे ऑफ इंडियाच्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून घ्याव्यात. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा उंच लाटांचा इशारा असेल तर चौथी ओळ त्याची. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हे कळून उपयोग नाही. तोवर मुलं पाण्यात धावलेली असतात. नाक्यावर कळलं तर जेवणाची वेळ बदलता येते.

अलिबागसमोर समुद्रात असलेल्या, ओहोटीला चालत जाता येणाऱ्या कुलाबा किल्ल्यासाठीही हाच फळा लागेल. पौर्णिमेला ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी किल्ला पाण्याने वेढलेला. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी बाराला येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो, आणि वाट कधी कधी पुरती कोरडी होत नाही. चालत जाणाऱ्याने पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघावं आणि नंतरच्या तासाभरात परत यावं. भरती मागून भरते. किल्ल्याच्या दारात कोरडं दिसतं तेव्हा मधल्या सखल भागात पाणी चढलेलं असतं.

दुसरी विनंती जीवरक्षकांबद्दल. अलिबागचा किनारा सपाट आहे, ओहोटीला पाण्याची कड फार लांब जाते. मनोरा सुक्या वाळूत राहतो आणि माणूस बुडतो ती जागा तिथून धावत जायला फार दूर पडते. पोहायची सुरक्षित जागा दाखवणारी लाल-पिवळ्या झेंड्यांची जोडी पाण्याच्या कडेबरोबर हलवली पाहिजे, दर अर्ध्या तासाने, आणि जीवरक्षक तरंगत्या नळीसह झेंड्यांमध्ये उभा हवा. झेंडे कुठे रोवायचे हेही महत्त्वाचं आहे. दोन्हीकडे लाटा फुटत असताना मधला पट्टा शांत आणि गडद दिसतो. लोक लहान मुलांना नेमकं तिथेच नेतात. पण किनाऱ्यावर आलेलं पाणी परत आत जातं ते याच पट्ट्यातून. त्यात सापडलेल्याने किनाऱ्याकडे झगडू नये, किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडावं. हे चित्र काढून झेंड्याजवळ लावावं.

पौर्णिमा-अमावास्येला लागून येणाऱ्या सुट्ट्यांना जीवरक्षकांची संख्या दुप्पट करावी आणि पाळी दुपारी एक ते सहाची धरावी. मे महिन्यात १६ तारखेचा शनिवार अमावास्येचा, ३१ चा रविवार पौर्णिमेचा. पावसाळ्यात बंदीचे आदेश निघतात, ते योग्यच. पण मुरूडला १४ विद्यार्थी बुडाले ते २०१६ च्या फेब्रुवारीत.

बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारेही बुडतात. म्हणून ठरावीक अंतरावर खांब, प्रत्येकावर मोठा क्रमांक, एक तरंगतं कडं आणि पंचवीस मीटर दोर, खाली ११२ आणि १०८. क्रमांक असला की परगावचा माणूसही फोनवर जागा सांगू शकतो. कडं चोरीला गेलं तर झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन फेकावा. डोकं पाण्यावर ठेवायला तो पुरतो.

गाड्या वाळूत उतरतात त्या प्रत्येक उताराला दगडांची रांग हवी. ओल्या वाळूवर चाक फिरतं तसं खणत जातं, गाडी आसापर्यंत रुतते, आणि भरती थांबत नाही.

शौचालयं, कपडे बदलायच्या खोल्या आणि पिण्याचं पाणी यांची मागणी इतरांनी केलेलीच आहे. फळ्याचं काम मात्र १ मेच्या आधी व्हावं. त्याला निविदा लागत नाही.

आपले,
या किनाऱ्यावर एका दिवसाच्या सहली आणणारे आम्ही