व्हॅक्यूमच्या नळ्यांना हात लावण्यापूर्वी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि पिकअपच्या इंजिनाचा फोटो मिळाला. कार्बोरेटर म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग, त्याच्याभोवतीच्या व्हॅक्यूमच्या, म्हणजे इंजिनाची हवेची ओढ पोचवणाऱ्या, सगळ्या जुन्या नळ्या एका दुपारी उपटून नव्या घालायचा तुझा बेत आहे, पण तसे मुळीच करू नकोस. एका वेळी एकच नळी काढ, तेवढ्याच लांबीची आणि तेवढ्याच आतल्या व्यासाची नवी नळी त्याच दोन टोकांवर बसव आणि मगच दुसरीला हात लाव. बॉनेटच्या आतल्या बाजूला किंवा रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर नळ्यांच्या जोडणीचा आराखडा चिकटवलेला असेल, तर तो आधी ओल्या फडक्याने हलकेच पुसून वाच. मात्र आधीच्या मालकाने काही नळ्या काढून तोंडे बंद केलेली दिसतात, त्यामुळे आहे ती जोडणी बरोबरच असेल असे धरून चालू नकोस.

मुख्य गोष्ट अशी की कार्बोरेटरवरची सगळी टोके सारखी दिसली तरी ती सारखी नसतात. थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या, पडद्याखालच्या टोकाला मॅनिफोल्डची, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळकांड्याची, ओढ इंजिन सुरू झाल्यापासूनच मिळते. पडद्याच्या किंचित वर असलेल्या टोकाला मात्र आयडलिंगवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसते चालू असताना, जवळजवळ काहीच ओढ नसते आणि थ्रॉटल थोडा उघडला की ती सुरू होते. ओळखायची रीत सोपी आहे. इंजिन आयडलिंगवर ठेव, नळी काढून टोकावर बोट धर. बोट लगेच ओढले गेले तर ते मॅनिफोल्डचे टोक. हाताने थ्रॉटल उघडल्यावरच ओढ जाणवली तर दुसऱ्या प्रकारचे. फक्त बाही आणि बोटे पंख्यापासून दूर ठेव.

हा फरक न पाहता मी एकदा डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे स्पार्क प्लगना ठिणगी वाटून देणाऱ्या भागाची, नळी चुकीच्या टोकावर लावली होती. त्या इंजिनाला ती पडद्याच्या वर असलेल्या टोकावर हवी होती. आयडलिंग वाढले, ते मी स्क्रू फिरवून खाली आणले आणि काम झाले असे समजलो. पण टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, आयडलिंगवरच पूर्ण पुढे सरकलेले होते आणि ती चूक शोधण्यात माझे दोन रविवार गेले. एक्झॉस्ट वायू परत आत घेणाऱ्या ईजीआर व्हॉल्व्हचेही तसेच आहे. त्याला सतत ओढ मिळाली तर तो आयडलिंगवरच उघडतो आणि इंजिन धडधडून बंद पडते. ब्रेक बूस्टरची, म्हणजे पेडल दाबायला मदत करणाऱ्या डब्याची, जाड नळी मात्र थेट मॅनिफोल्डलाच हवी. तिथे व्हॅक्यूमसाठीच बनवलेली जाड भिंतीची नळी घे, कारण साधी नळी ओढीने चपटी होते. तिच्यातला एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह उलटा बसला, तर ब्रेकला मदतच मिळणार नाही.

जुनी नळी ओढून काढू नकोस. टोकाजवळ ब्लेडने उभी चीर देऊन सोलून काढ, कारण नळ्या जोडणारी प्लॅस्टिकची टी (तीन तोंडांचा जोड) उष्णतेने ठिसूळ झालेली असते आणि कडकन तुटते. नळीची भेग बहुधा खालच्या बाजूला, टोकाच्या अगदी कडेशी असते. वरून रबर धड दिसते, पण अंगठ्याने वाकवलेस की तोंड उघडते. नवी नळी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि थ्रॉटलच्या दांड्यांपासून लांबून ने, वळणाला पुरेशी सैल ठेव आणि रिकाम्या टोकांवर रबरी टोप्या घाल.

मग गळती तपास. फुसफुस ऐकू येते आणि आयडलिंग चढउतार करते, तेव्हा कुठेतरी हवा शिरत असते. तापलेल्या इंजिनावर पेट घेणारा कुठलाही फवारा मारू नकोस. एकेक नळी पक्कडीने हलकेच दाबून फुसफुस किंवा आयडलिंग बदलते का बघ. व्हॅक्यूम गेज मिळाले तर मॅनिफोल्डला लाव. समुद्रसपाटीजवळ चांगल्या स्थितीतल्या इंजिनाचा काटा आयडलिंगवर साधारण 17 ते 21 इंच पाऱ्यावर स्थिर राहतो.

शेवटी ब्रेक पाहा. इंजिन बंद असताना पेडल कडक होईपर्यंत पुन्हा पुन्हा दाब, पाय तसाच ठेवून इंजिन सुरू कर. पेडल पायाखाली किंचित खाली गेले पाहिजे. ते गेले नाही तर गाडी रस्त्यावर काढू नकोस आणि मला लगेच फोन कर.

तुझे बाबा